पेटी कोणत्या माशीची?

मधमाश्या पाळाव्यात असे एखाद्याच्या मनात आले, की तो पहिली चौकशी करतो ती पेटीची. केवढ्याला पडते, कुठे मिळते, सरकार किती देते? चौकशी रास्त आहे. पण मंडळी, गोठा बांधण्याआधी दावणीला म्हैस येणार आहे की शेळी, हे आपण ठरवतो ना? म्हशीच्या उंचीची गव्हाण बांधली तर शेळीचे तोंड तिच्यापर्यंत पोचायचे नाही. पेटीचे तसेच आहे. वरवर पाहता ते लाकडाचे खोके दिसते, पण एका विशिष्ट माशीच्या अंगाचे माप घेऊन बेतलेला तो अंगरखा असतो. हे माप कोणी घेतले, कोणत्या मुलखात घेतले आणि कोणत्या माशीचे घेतले, याला दोन-सव्वादोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक असला तर परभणीच्या शेतकऱ्याचे पैसे वाचतात, आणि माश्यांचे जीवही.

आधी आपल्या शिवारातल्या माश्या ओळखून घेऊ. परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जुन्या वडाच्या उंच फांदीला, नदीवरच्या पुलाखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या पोटाशी काळेभोर मोहोळ लोंबताना दिसते. ती आग्या माशी. अंगाने सर्वांत मोठी, रागीट, एकच पोळे बांधणारी. ते कधी कधी हात-दीड हात रुंद असते. बांधावरच्या बोरीच्या नाही तर मेंदीच्या झुडपात तळहाताएवढे एकच पोळे असते, ते फुलोरी माशीचे. ती अगदी बारीक, पोटाच्या वरच्या भागावर तांबूस आणि खाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. या दोघी उघड्यावर राहतात. तिसरी ती सातेरी. ही मध्यम बांध्याची, पोटावर आडवे पट्टे असलेली. झाडाच्या ढोलीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत, पडक्या विहिरीच्या कपारीत अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अशी सहा-सात पोळी लावते. यांशिवाय भिंतीच्या फटीत मेण-राळेची नळी काढून राहणारी बिनडंखी बारीक माशी असते, आणि अलीकडे सूर्यफुलाच्या शेताकडेला मालमोटारीतून पेट्या उतरताना दिसतात, त्यांत पाश्चात्त्य माशी असते. तिला सगळे मेलिफेरा म्हणतात.

आता लक्षात घ्या, आग्या आणि फुलोरी पेटीत राहत नाहीत. आग्या माशीला पेटीत बसवण्याचे प्रयत्न अनेकांनी केले, पण ती ऋतू पाहून मुक्काम हलवणारी, भटक्या जातीची माशी. ती उघड्या आभाळाखालीच राहते. पेटीत राहते ती अंधारात अनेक पोळी लावणारी माशी, म्हणजे आपल्याकडे सातेरी आणि बाहेरून आलेली मेलिफेरा. तुमच्या गावात आग्या मोहोळे शंभर असली, तरी त्यावरून पेटीचा धंदा चालेल असे ठरत नाही.

मधाची चव माणसाला पेटीच्या कितीतरी आधी कळली. मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरातल्या शैलाश्रयांत मोहोळ काढणाऱ्या माणसांची प्राचीन चित्रे आहेत. माशीला घर करून देण्याची कल्पनाही जुनी आहे. इजिप्तमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका सूर्यमंदिराच्या कोरीव कामात मातीच्या आडव्या नळ्यांतून मध काढणारी माणसे दिसतात. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत घराच्या भिंतीतच पोकळ कोनाडा ठेवतात आणि बाहेरून त्याला बारीक भोक पाडतात. माशी बाहेरून येते, माणूस आतून मध काढतो. दक्षिणेत मडकी आणि ओंडके वापरत. घराच्या या तऱ्हा गरिबाला परवडणाऱ्या होत्या, पण सगळ्यांत एक खोट होती. पोळे घराला चिकटलेले असे. मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे, आणि पोळे कापायचे म्हणजे बहुधा अंडी-पिल्लांचाही नाश. शिवाय आत रोग आहे की राणी मेली आहे, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता.

पोळे मोडल्याशिवाय आत पाहता येईल का, हा प्रश्न ज्याने नेटाने धरला तो माणूस आंधळा होता. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा फ्रान्स्वा ह्यूबर. तरुणपणीच त्याची दृष्टी गेली. त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी करवून घेतली. एकेक पान म्हणजे एकेक पोळे. त्याचा नोकर बर्नेन्स पाने उलटून पाही आणि काय दिसले ते सांगे. धनी प्रश्न विचारी, नोकर पुन्हा पाही. या जोडीने राणीचे हवेत होणारे मीलन, मेण कशाचे होते, अशा कितीतरी गोष्टी उलगडल्या. त्यांची निरीक्षणे १७९२ साली छापून निघाली. गुरुजींनी ही हकीकत वर्गात जरूर सांगावी. विज्ञानाला डोळे लागतात हे खरे, पण त्याआधी प्रश्न लागतो, हे मुलांना याहून सोप्या रीतीने समजणार नाही.

पुढे १८१४ साली युक्रेनमध्ये प्रोकोपोविच याने सुट्या चौकटी वापरल्या. पोलिश धर्मगुरू झिएर्झोन याने नुसत्या पट्ट्यांवर पोळी बांधून घेतली. पण खरी गाठ सुटली ती अमेरिकेत, १८५१ साली. लॅंगस्ट्रॉथ नावाचा एक पाद्री फिलाडेल्फियात माश्या पाळत असे. पेटीचे झाकण माश्या डिंकासारख्या राळेने असे चिकटवून टाकीत, की ते उघडताना सारी पेटी हादरे. त्याने झाकण आणि पट्ट्या यांच्यामध्ये सुमारे तीन अष्टमांश इंचाची मोकळी फट ठेवली. ती फट माश्यांनी मोकळीच ठेवली! त्याहून कमी जागा असली तर त्या राळेने बुजवतात, जास्त असली तर तिथे नवे पोळे बांधतात. तेवढ्याच जागेला त्या वाट समजतात. दोन माणसे भेटली तर अंग चोरून एकमेकांशेजारून जातील, एवढी बोळ आपण जुन्या गावात ठेवतो ना, तशी ती माशीची बोळ. लॅंगस्ट्रॉथने मग चौकटीच्या चारही बाजूंनी ती बोळ ठेवली, आणि चौकट कुठेही न चिकटता अलगद बाहेर येऊ लागली. १८५२ साली त्याने या पेटीचे एकस्व घेतले. जगातली आजची बहुतेक चौकटीची पेटी त्याच तत्त्वावर उभी आहे.

यानंतर दोन शोध भराभर लागले. जर्मनीत मेहरिंगने १८५७ साली षट्‌कोनी ठसे उमटवलेला मेणपत्रा केला. तो चौकटीत बसवला की माशी सरळ पोळे बांधते आणि तिचे मेणही वाचते. १८६५ साली ह्रुश्काने पोळे गरगर फिरवून मध उडवून काढण्याचे यंत्र केले. रिकामे झालेले पोळे पुन्हा पेटीत ठेवता येऊ लागले. चौकट, मेणपत्रा आणि यंत्र या तीन गोष्टींनी मध काढणे आणि मोहोळ मोडणे यांची फारकत झाली.

पण ते बोळीचे माप घेतले होते पाश्चात्त्य माशीच्या अंगावरून. आपली सातेरी तिच्याहून लहान. मेलिफेराच्या दोन शेजारच्या पोळ्यांच्या मध्यांत सुमारे ३५ मिलिमीटर अंतर असते. सातेरी त्याहून तीन-चार मिलिमीटर कमी अंतर ठेवते. तीन-चार मिलिमीटर म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढे. तेवढ्याने काय होणार, असे वाटेल. पण चुकीच्या अंतरावर सातेरी वाकडी पोळी बांधते, दोन चौकटी एकमेकींना जोडून टाकते, आणि मग चौकट उचलायला जावे तर दोन्ही पोळी फाटतात. सुटी चौकट नावालाच सुटी राहते. मेणपत्र्याचेही तेच. पाश्चात्त्य माशीच्या घरांचा ठसा असलेला पत्रा सातेरीला दिला तर तिला ते माप मानवत नाही.

हिंदुस्थानात नव्या पद्धतीची खटपट १८८० नंतरच्या दशकात सुरू झाली. तारखात्यातल्या डग्लस या अधिकाऱ्याने १८८४ साली कलकत्त्याहून हिंदुस्थानातल्या मधमाशीपालनावर इंग्रजी पुस्तक काढले. परदेशी माश्या आणून पाहिल्या गेल्या, पण त्या काळी त्या इथे रुजल्या नाहीत. हौस होती, पुस्तक होते, पेटीही होती. मात्र इथल्या माशीला शोभणारी पेटी नव्हती.

ती केली तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी. सेंट जोसेफ कॉलेजातल्या या जेसुइट पाद्र्याने १९१० च्या सुमारास दक्षिणेतल्या सपाटीवरच्या सातेरीची पोळी पाहून पेटी लहान केली. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी कितीतरी लोकांना हे काम शिकवले, आणि दक्षिणेतल्या खेड्यांत ती पेटी पसरली. लॅंगस्ट्रॉथच्या पेटीत दहा चौकटी. एकेक चौकट सुमारे साडेसतरा इंच लांब आणि नऊ इंच उंच. न्यूटन पेटीत सात चौकटी. एकेक सुमारे आठ इंच लांब आणि सहा इंच उंच. पाटीवर गुणाकार करून पाहा: पहिलीत पोळ्यांची जागा दुसरीच्या जवळपास पाचपट येते. दहा माणसांच्या कुटुंबाला पन्नास माणसांचा वाडा दिला तर काय होईल? झाडलोट होणार नाही, कोपऱ्यांत वाळवी लागेल. सातेरीचेही हेच होते. जी पोळी माश्यांनी झाकली जात नाहीत त्यांत मेणकिडा शिरतो, जाळी धरतो, आणि एके दिवशी सगळी वसाहत उठून जाते. मागे उरते रिकामी पेटी आणि पोळ्याचा भुसा. दोष माशीला देतात, किंवा नशिबाला.

न्यूटनची पेटी हीच आपल्याकडच्या सातेरी-पालनाची पणजी म्हणावी लागेल. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने मधमाशीपालन हा खेड्यात वाढवण्याजोगा उद्योग म्हणून पुढे आणला. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, आणि मगनवाडीत तेलघाणी, हातकागद यांच्या बरोबरीने मधमाशीही आली. मग १९४६ साली मुंबई इलाख्याच्या ग्रामोद्योग समितीने महाबळेश्वरला मधमाशीपालनाचे केंद्र सुरू केले. आजचे महाबळेश्वरचे मध संचालनालय त्यातूनच वाढले. जावळीच्या खोऱ्यातल्या, कोयनाकाठच्या गावांत सातेरीच्या पेट्या उभ्या राहिल्या. मधपाळांची सहकारी सोसायटी झाली. महाबळेश्वरचा मध साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाला. त्याच तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

इथे आपल्या मराठवाड्याने जरा थांबून विचार करायला हवा. १९४६ साली परभणी मुंबई इलाख्यात नव्हती; ती निजामाच्या राज्यात होती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे महाबळेश्वरला पेटीची घडी बसत होती, त्या दहा वर्षांत आपला जिल्हा त्या कारभाराच्या बाहेर होता. ही विद्या आपल्याकडे आली ती बरीचशी तयार होऊन, डोंगरातला अनुभव गाठीशी बांधून. आणि डोंगर तो डोंगर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंच. तिथे जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा असे फुलणारे रान. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी. पाऊस एवढा की पेट्या वाचवायच्या त्या पाण्यापासून आणि गारठ्यापासून. आपली परभणी उंचीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आपल्याकडे पेटी वाचवायची ती वैशाखाच्या उन्हापासून. पेटीचे माप तेच राहिले तरी ती ठेवण्याची रीत तीच राहून चालणार नव्हते.

पुढची मोठी पावले थोडक्यात सांगतो. १९५७ साली खादी-ग्रामोद्योग आयोग आला आणि त्याने हे काम देशभर हाती घेतले. १९६२ साली पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. पेट्यांचा गोंधळ मिटावा म्हणून भारतीय मानक संस्थेने १५१५ क्रमांकाच्या मानकात मापे ठरवून दिली. ‘अ’ प्रकार न्यूटनच्या घराण्यातला, लहान बांध्याच्या सातेरीसाठी. ‘ब’ प्रकार हिमालयाच्या अंगच्या मोठ्या सातेरीसाठी. त्याचे मूळ नैनितालजवळच्या ज्योलिकोटच्या पेटीत आहे. मेलिफेरासाठी लॅंगस्ट्रॉथ आहेच. बघा, एकच सातेरी, पण उत्तरेच्या डोंगरात तिला वेगळी पेटी लागली आणि दक्षिणेच्या सपाटीवर वेगळी. ‘भारतीय पेटी’ असे म्हणून कोणी ‘ब’ प्रकार परभणीत आणून ठेवला, तर कागदोपत्री बरोबर आणि व्यवहारात चूक असे होईल.

मेलिफेरा नीट रुजली ती १९६२ नंतर. कांगडा खोऱ्यात नगरोटा बगवान येथे, म्हणजे तेव्हाच्या पंजाबात आणि आजच्या हिमाचलात, प्राध्यापक अटवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऐंशी वर्षांपूर्वी जे जमले नव्हते ते जमले. पंजाबच्या मोहरीवर ती माशी फोफावली आणि हळूहळू खाली सरकत आपल्याकडे आली. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत सातेरीच्या पिल्लांवर विषाणूचा भयंकर रोग आला, वसाहतीच्या वसाहती बसल्या, आणि अनेक मधपाळ मेलिफेराकडे वळले. मध पाहिला तर मेलिफेरा भारी. सातेरीची पेटी वर्षाला पाच-सात किलो देते, जागा उत्तम असली तर दहा. मेलिफेरा नीट फिरवली तर पंचवीस-तीस किलो आणि त्याहूनही जास्त. पण ‘फिरवली तर’ हे दोन शब्द विसरू नका. मोठे कुटुंब, मोठी भूक. एका जागी फुले संपली की तिला पुढच्या फुलांकडे न्यावे लागते, नाही तर साखरेचा पाक पाजावा लागतो. अंगावरच्या माइटला, म्हणजे बारीक गोचिडीसारख्या किडीला, ती सातेरीइतका प्रतिकार करू शकत नाही. गांधीलमाशी आणि वेडा राघू तिच्या दारात टपून बसतात.

मग परभणीच्या माणसाने काय करावे? आधी वही घ्यावी, पैसे नंतर काढावेत. वहीत बारा महिने लिहा आणि आपल्या घरापासून एक-दीड किलोमीटरच्या आत कोणत्या महिन्यात काय फुलते ते मांडा. भाद्रपदात तीळ, त्याच्या मागेपुढे बाभूळ आणि बोर, कार्तिक-मार्गशीर्षात तूर, रब्बी ज्वारीचे पराग, पौष-माघात करडई आणि धने, फाल्गुनात बियाण्याचा कांदा, चैत्रात कडुनिंब, पाठोपाठ करंज, आणि मृगाच्या तोंडावर चिंच. शेवगा तर अधूनमधून फुलतच असतो. ही यादी आजोबांच्या काळची म्हटली तर भरगच्च आहे. पण आजच्या शिवारात जाऊन मोजा. करडई आणि जवस पुष्कळ गावांतून उठले, तीळ बांधापुरता राहिला, आणि खरिपाचे रान सोयाबीनने व्यापले. सोयाबीन स्वतःच्या फुलात स्वतःच फळणारे पीक. माशीला त्यापासून फारसे काही मिळत नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे चांगले वाण दिले आहेत, पण वाण असून पेरा नसेल तर माशीने काय खावे? वहीत सलग तीन महिने कोरे राहिले तर पेटी घेऊ नका. आधी बांधावर करंज, शेवगा आणि कडुनिंब लावा, करडईचे चार तास पेरा, आणि दोन वर्षांनी पुन्हा वही उघडा.

वही भरलेली निघाली आणि गावात सातेरी आहे हे फुलावर पाहून खात्री झाली, तर ज्याच्याकडे विहीर, चार-दोन फळझाडे आणि सावली आहे अशा घराला सातेरीची ‘अ’ प्रकारची पेटी शोभते. दोन पेट्यांनी सुरुवात करावी. एक बसली तर दुसरीची पिल्ले असलेली चौकट देऊन तिला सावरता येते. घरच्या बाईमाणसाला, म्हाताऱ्यालाही हे काम झेपते. मात्र मधाकडे सारखे डोळे लावून बसू नये. डाळिंब, कांद्याचे बी, तूर यांवर माशी जे परागाचे काम करते, त्याचा लाभ पुष्कळदा मधाहून मोठा असतो.

मेलिफेरा घ्यायची तर ती जोडधंदा म्हणून दोन पेट्यांवर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याचा धंदा आहे. पन्नास पेट्या, रात्री हलवायला गाडी, शेतमालकांशी बोलणी, आणि आज सूर्यफूल तर उद्या परराज्यातला ओवा किंवा मोहरी असे हिंडणे. ज्या तरुणाला हे मानवते त्याने लॅंगस्ट्रॉथच घ्यावी आणि वर्षभर एखाद्या जाणत्या मधपाळाच्या हाताखाली काढावे.

तिसरी एक स्वस्त तऱ्हा आहे. ग्रीसमध्ये सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी टोपलीवर लाकडी पट्ट्या मांडलेली पोळ्याची घरे पाहिली होती. तीच कल्पना घेऊन १९७० नंतर केनियात उताराच्या बाजूंची, नुसत्या पट्ट्यांची पेटी निघाली. तिला मेणपत्रा नको, यंत्र नको. गावचा सुतार ती सहज करील, पट्टीची रुंदी मात्र सातेरीच्या मापाची हवी. शाळेला ही पेटी फार चांगली, कारण एकेक पोळे पट्टीसह उचलून मुलांना दाखवता येते. पण चौकटीचा आधार नसल्याने आपल्या उन्हात मऊ झालेले पोळे जरा तिरपे केले तरी गळून पडते. म्हणून उन्हाळ्यात ती दुपारी उघडू नये आणि गाडीतून हलवण्याच्या भानगडीत तर पडूच नये. २०१५ साली ऑस्ट्रेलियातून आणखी एक पेटी आली, नळ फिरवला की मध बाटलीत. गंमत मोठी आहे, किंमतही तशीच आहे, आणि ती मेलिफेराच्या मापाची आहे. सातेरीवाल्याने तिच्या नादी लागू नये.

आणि ज्यांच्या गावात आग्या-फुलोरीच आहे त्यांनी? त्यांनी पेटी घेऊ नये, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्यांच्याकडेही मधाचा धंदा आहे, पण तो हत्यार आणि रीत बदलण्याचा आहे. रात्री टेंभा लावून सारे मोहोळ जाळण्याऐवजी अंगभर पोशाख घालून, धूर देऊन, पोळ्याचा फक्त मधाचा गड्डा कापायचा आणि पिल्लांचा भाग जागेवर ठेवायचा, ही रीत विदर्भात वर्ध्याच्या मधमाशी विकास केंद्राने आदिवासी मधकाढ्यांना शिकवली आहे. तसे केले तर माश्या बहुधा त्याच पोळ्यावर राहतात आणि पुन्हा मध भरतात. शिकल्याशिवाय मात्र आग्या मोहोळाला कोणी हात लावू नये. जीवाशी गाठ आहे.

आता राहिले ऊन. पोळ्यात पिल्ले वाढतात तिथे माश्या ३४-३५ अंश उष्णता राखतात. बाहेर ४३-४४ अंश झाले की निम्म्या कामकरी माश्या मध सोडून पाणी आणायला आणि पंखांनी वारा घालायला लागतात. म्हणून परभणीत पेटी दाट झाडाखाली, दार पूर्वेला करून ठेवावी. वर ज्वारीच्या कडब्याचे जाड छप्पर घालावे, दुपारी भोवती ओले गोणपाट लावावे, आणि दहा-पंधरा पावलांवर उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवावे. खडे नसले तर माश्या बुडतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, नाही तर मुंग्या येतात. पेटीला बाहेरून पांढरा रंग द्यावा, आतून काही लावू नये. शेजाऱ्याला सांगून ठेवावे की फवारणी फुलोऱ्यात टाळावी, आणि करणे भागच पडले तर संध्याकाळी माशी परतल्यावर करावी. आदल्या दिवशी निरोप मिळाला तर दार जाळीने बंद करता येते.

पेटी घ्यायला जाल तेव्हा खिशात शाळेतली फूटपट्टी ठेवा. दुकानदाराला आधी माशीचे नाव सांगा आणि मग माप विचारा. दोन चौकटी शेजारी लावून मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजा. चौकटीची बाजू आणि पेटीची भिंत यांत करंगळी शिरेल न शिरेल एवढी फट आहे का, ते पाहा. चौकट एका हाताने उचलून पुन्हा ठेवा. ती कुठेही घासता कामा नये. लाकूड वाळलेले आहे का, उग्र वासाचे नाही ना, हेही पाहा, आणि मेणपत्रा सातेरीचा आहे की मेलिफेराचा, ते पावतीवर लिहून घ्या.